एकोणीस ढिगांची ऊब

“हात घाल,” अब्राहमचाचा म्हणाले. “पार खांद्यापर्यंत.”

समोर माझ्या कमरेएवढा उंच ढीग होता, कुजक्या पाल्याचा आणि वाळूमातीचा. उतारावर चाचांनी काठीने तिरकं भोक पाडलं होतं, जेमतेम माझा हात जाईल एवढं. आत मिट्ट काळोख. त्यांनी भोकाला कान लावला, जरा वेळ ऐकलं आणि बाजूला सरून मला जागा करून दिली.

“आत काय असतं, चाचा?”

“नशीब चांगलं असलं तर ऊब.”

“आणि वाईट असलं तर?”

“घोण, चावरी मोठी गोम. नाहीतर साप. चावला तरी काळजी नको, बोट येणारच आहे रविवारी.”

त्या दिवशी सोमवार होता.

“ओगलेबाई,” मागून खांबेटे सरांचा आवाज आला, “ढिगाची मुलाखत झाली असेल तर हात घाला. अजून एकेचाळीस राहिलेत.”

मी डोळे मिटून हात घातला. आधी नुसता गारवा, ओलसर. कोपर आत गेलं. बोटांना गुळगुळीत काहीतरी लागलं, पण ती मुळी होती. मग खांदा ढिगाला टेकला, गाल मातीला लागला, आणि बोटांच्या टोकांशी अचानक ऊब लागली. ताप आलेल्या लेकराच्या काखेत हात घालावा तशी.

“गरम आहे!” मी ओरडले.

सरांनी, साठीला आलेल्या माणसाने, टोपी काढून त्या रानात एक गिरकी घेतली.

त्या बेटाचं नाव मी लिहीत नाही. निकोबारच्या बाजूचं लहानसं बेट, किनाऱ्याला एक जुनं दीपगृह, चाळीसेक घरं आणि मागे सगळं जंगल. त्या जंगलात ढिगारी राहायची. हे नाव आम्हीच ठेवलेलं. कोंबडीएवढा तपकिरी पक्षी, पाय मात्र अंगापेक्षा दोन नंबर मोठे. ही पक्षीण अंड्यावर बसत नाही. नर-मादी मिळून पाला-माती उकरून भलामोठा ढीग रचतात, ती त्यात खोल अंडं पुरते आणि निघून जाते. पाला कुजतो, कुजताना तापतो, त्या उबेवर अंडं वाढतं. सत्तर दिवसांनी पिल्लू आतल्या आत अंडं फोडतं, हातभर माती उकरत एकटंच वर येतं आणि पळत सुटतं. आई कोण, त्याला कधी कळत नाही.

“ह्याला आई लागत नाही,” सर कौतुकाने सांगायचे. मी तेव्हा चोवीस वर्षांची, सरांची संशोधनातली मदतनीस. मलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

पक्षी इतका लाजरा की दिसायचाच नाही. म्हणून मोजायचे ते ढीग. गरम ढीग म्हणजे जिवंत, गार म्हणजे सोडून दिलेला. तापमानाची कांडी बोटीतून उतरतानाच खाऱ्या पाण्यात पडून बिघडली होती, त्यामुळे माझा हात हेच यंत्र. उकरायचं मात्र नाही हा सरांचा कडक नियम. वारा लागला की आतलं अंडं मरतं.

आमच्या त्या मोजणीवर बरंच अडलेलं होतं. बेटाच्या मधून रस्ता आणि पलीकडच्या अंगाला धक्का बांधायचा होता, आणि नकाशावरची ती रेघ थेट ढिगाऱ्यांच्या जंगलातून जात होती. पंधराच्या आत गरम ढीग भरले तर ढिगारी ‘अतिसंकटग्रस्त’ ठरणार, म्हणजे नाहीसं होण्याच्या अलीकडची शेवटची पायरी, आणि रस्ता थांबणार. पंधराच्या वर गेले तर पक्षी एक पायरी खाली, आणि झाडांवर कुऱ्हाड.

“कमी भरले तर वाईट, जास्त भरले तरी वाईट,” मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं.

“म्हणून तर खरे भरायचे, ओगलेबाई. आपण वाणी नाही, वजनात हात मारायला.”

पण मनातून त्यांना जास्तच हवे होते. दहा वर्षांपूर्वी त्यांनीच केलेल्या मोजणीत अकरा ढीग गरम निघाले होते. ह्या खेपेला प्रत्येक गरम ढिगाला त्यांचा चेहरा उजळायचा. “सावरतोय पक्षी! रस्ता काय, वळवता येतो. पक्षी सावरतोय, शरयू!” आनंदात आले की ते मला नावाने हाक मारायचे.

गुरुवारी अठरावा ढीग गरम लागला आणि परतीच्या वाटेवर मुळात अडकून सरांचा पाय मुरगळला. शेवटचे दोन ढीग मी आणि चाचांनी करायचे ठरले.

अब्राहमचाचा बेटावरचेच, पासष्टीचे. काळेभोर, शिडशिडीत, कमरेला कोयता. बोलायचे हिंदीत, तेही मोजकं. सकाळी मला न विचारता माझी पाण्याची बाटली भरून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी मी घोणीला घाबरून किंचाळले, तर त्या दिवसापासून प्रत्येक भोकात आधी स्वतःचा हात घालून पाहायला लागले.

शुक्रवारी आम्ही बेचाळिसाव्या ढिगाशी पोचलो. जंगलाच्या पोटात, किनाऱ्यापासून दोन तास आत. पक्षी गप्प होते. मी आडवी झाले, हात घातला. ऊब लागली, चांगली सणसणीत. एकोणिसावा! हात काढताना बोटांत काहीतरी अडकलं. मी ते ओढून बाहेर काढलं.

नारळाचं सोडण होतं, वरची काथ्याची जाड साल. भिजलेलं, काळं पडलेलं, पण एका बाजूने सरळ कापलेलं.

मी गुहागरकडची. सोडणात माझं लहानपण गेलं. चुलीत जळतं ते, आळ्यात पुरतात ते, ओल धरून ठेवतं ते. आणि नारळ सुळावर सोलला की सोडणाची कड चिंध्या होते, कोयत्याने तोडला तर अशी सरळ येते, हे मला डोळे मिटून कळतं. तिथे दोन तासांच्या चालीत एकही माड नव्हता.

मी वर पाहिलं. चाचा माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या सोडणाकडे बघत होते. त्यांचा हात कोयत्याच्या मुठीवर होता.

तो तिथे नेहमीच असायचा. पण त्या क्षणी मला पहिल्यांदा जाणवलं, की मी ह्या माणसाबरोबर एकटी आहे. सर दोन तासांवर पाय सुजवून बसलेत. परतीची वाट फक्त ह्यालाच माहीत आहे. सोडण खाली टाकावं, काही पाहिलंच नाही असं दाखवावं, असं वाटलं. पण बोटं उघडेनात.

“चाचा,” मी म्हटलं, “हे इथे कसं आलं?”

त्यांनी कोयता कमरेचा काढला. मी बसल्या जागी मागे सरकले. त्यांनी तो बाजूला जमिनीत रोवला आणि ढिगाशी उकिडवे बसले.

“मी आणलं,” ते म्हणाले.

“किती ढिगांत?”

“सोळा.”

“एकोणिसातल्या सोळा?”

“तीन त्यांचे आहेत. सोळा माझे.”

तीन. चार दिवस आम्ही ज्यावर नाचलो, ती एका म्हाताऱ्या माणसाची ऊब होती.

“का पण? का केलंत असं?”

त्यांनी ढिगावरचा पाला हाताने सारखा केला. “आमच्या लहानपणी सगळे अंडी काढायचे. मीही. बारसं आलं काढ अंडी, पाहुणा आला काढ अंडी. हातभर आत गेलं की मिळायचंच. हे सोळा मीच रिकामे केले. तेव्हा कळत नव्हतं. मग तुमचे सर आले, दहा वर्षांपूर्वी. गार ढिगात हात घालून रडले. मी पाहिलं. एवढा शिकलेला माणूस पाल्याच्या ढिगाशी बसून रडतोय. ते गेल्यावर मला वाटलं, गार घरात कोण येईल? गरम असलं तर येईल एखादी. म्हणून दर महिन्याला पाला आणतो, सोडणं आणतो, पाणी टाकतो, उकरतो.”

“दहा वर्षं?”

“मग काय. दुसरं काम काय मला.”

“आणि आम्ही मोजत होतो तेव्हा बोलला नाहीत!”

“सर नाचत होते,” ते कळवळून म्हणाले. “आणि पक्षी पुष्कळ आहेत म्हटलं तर सरकार जपेल ना? नाहीच उरले म्हटलं तर कोण कशाला जपेल? तूच सांग.”

उलट असतं, हे मी त्यांना सांगितलं. एकोणीस लिहिले तर इथून रस्ता जाईल. तुम्ही घातलेल्या पाल्याने हे जंगल कापलं जाईल, चाचा. त्यांचा चेहरा असा झाला की माझी कोयत्याची भीती गेली आणि दुसरीच भीती आली. ह्या माणसाला मी आत्ता काय सांगून बसले?

“मग मीच मारले म्हण की,” ते हळूच म्हणाले. “दोनदा.”

रात्री सरांना मी नुसतं ‘एकोणीस’ सांगितलं. शनिवारी पहाटे आम्ही पुन्हा निघालो. चाचांचं म्हणणं, त्यांच्या सोळात काही नाही. मला खात्री करायची होती. नियम मोडून, पण जपून, बोटांनी चाचपत. चाचांना आधी हात घालू न देता एकेका ढिगावर मी आडवी होत होते, आणि प्रत्येक वेळी तेच. ऊब होती, आत कोणी नव्हतं. दहा ढीग झाले.

अकराव्या ढिगात हात खांद्यापर्यंत गेला आणि आत काहीतरी हललं.

मी गोठले. बोटांखालची माती वर उचलली गेली, थांबली, परत उचलली गेली. ज्या सापाचं नाव चाचा पहिल्या दिवशी हसत घेत होते तो आता माझ्या तळव्याखाली होता, अशी माझी खात्री पटली. हात ओढला तर चावेल, नाही ओढला तरी चावेल. रविवारची बोट, किनारा, माझी आई, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

“चाचा,” मी ओठ न हलवता म्हटलं. “आत आहे काहीतरी. जिवंत.”

“ढकलतंय की सरकतंय?”

“म्हणजे?”

“साप सरकतो. नीट बघ. ढकलतंय?”

मी श्वास धरला. तळव्याला एक धक्का बसला. मग दुसरा, जोरात, टोकदार. लाथ होती ती.

“ढकलतंय.”

चाचा माझ्या शेजारी गुडघ्यांवर आले. “हात काढू नको,” ते कुजबुजले. “अजिबात काढू नको. माती ढासळेल त्याच्यावर.”

मी तशीच पडून राहिले. अर्धा तास की तास, कोण जाणे. मुंग्या मानेवर चढल्या, खांदा बधिर झाला. पिल्लू लाथ मारायचं, दमायचं, गप्प व्हायचं. गप्प झालं की वाटायचं, संपलं. माझ्या हातानेच वारा आत गेला, मीच मारलं. तेवढ्यात पुन्हा लाथ. मी हात वीतवीत मागे घेत होते आणि ते माझ्या हाताच्या मागे येत होतं. शेवटी भोकाच्या तोंडाशी मातीने माखलेलं, पिसं चिकटलेलं, डोळे मिचकावणारं एक डोकं आलं. ते माझ्या तळव्यावर चढलं. एवढंसं अंग आणि ते भलेमोठे पाय. त्याची छाती धडधडत होती, की माझीच. मग ते उतरलं आणि झुडपात पळालं. मागे वळून पाहिलं नाही.

चाचा दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले होते.

“तुमच्या ढिगात,” मी म्हटलं. “आली की हो कोणीतरी.”

“आली,” ते म्हणाले. “मला न सांगता आली.”

उरलेल्या पाचांत काही नव्हतं.

संध्याकाळी मी सरांसमोर उभी राहिले. ते दीपगृहाच्या व्हरांड्यात पाय उशीवर ठेवून फॉर्म भरत होते.

“सर, एकोणीस नाहीत. चार आहेत.”

“पंधरा काय उडून गेले?”

“ओला पाला नुसताही तापतो. मी आत चाचपून पाहिलं.”

“उकरलंत?”

“हो.”

मला वाटलं ओरडतील. त्यांनी चष्मा काढला. “कालच फोनवरून माझा लेख छापायला दिलाय,” ते म्हणाले. “पक्षी सावरतोय असं लिहिलंय त्यात.” मग एकोणिसावर काट मारून त्यांनी चार लिहिलं आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. “बाकीचं तुम्ही भरा.”

फॉर्मात एक रकाना होता. ढिगांना माणसाचा हात लागतो का?

मी पेन धरून बसले. ‘होय’ लिहिलं तर चाचांना पकडतील, संरक्षित पक्ष्याच्या घरट्यात ढवळाढवळ केली म्हणून. अंगणात ते सरांच्या पायासाठी पाणी तापवत होते. मी लिहिलं, ‘नाही.’ खाली सही केली.

चार ह्या आकड्याने रस्ता थांबला. वर्षभरात ढिगारी अतिसंकटग्रस्त जाहीर झाली. सरांनी स्वतःचा लेख मागे घेतला आणि मला फोन करून म्हणाले, “बाई, वाचवलंत.” मी खूश होते. मग एके दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“पोरी, मी अब्राहम. तुझ्या कागदाने रस्ता थांबला बघ.”

“हो चाचा!”

“आता कुंपण आलंय. पहारेकरी आलाय. म्हणतो माणसाचा हात लागायला नको, ढिगाच्या शंभर पावलांत यायचं नाही. अगं, पण मग माझे सोळा गार होतील. ती ज्यात येते तो ढीग पण. तू मोठ्या लोकांत बसतेस. सांग ना त्यांना.”

“सांगते,” मी म्हटलं.

मी सांगितलं नाही. सुरुवातीला स्वतःला समजावलं, की सांगितलं तर चाचा तुरुंगात जातील. ते खरंही होतं. पण त्याखाली दुसरं होतं, आणि ते मी इतकी वर्षं कोणाजवळ बोलले नाही. माझी सही खोट्या रकान्याखाली होती. मला नुकतीच नोकरी लागली होती. सर माझ्याकडे अभिमानाने बघत होते. मी माझ्यासाठी घाबरले होते.

मग लग्न झालं, लेक पोटात आली. पाचव्या महिन्यात एका दुपारी तिने पहिली लाथ मारली आणि माझा उजवा हात आपोआप ताठ झाला. ती लाथ मला ओळखीची होती. नवरा म्हणाला, “अगं, आनंदाची गोष्ट आहे, रडतेस काय?”

गेल्या महिन्यात नव्या मोजणीचा अहवाल आला. लेक मांडीवर झोपली होती, मी एका हाताने पान उलटलं. गरम ढीग: तीन. खाली नकाशा होता. पिल्लू निघालेला तो आमचा अकरावा ढीग राखाडी, म्हणजे गार, रंगवला होता.

मी वनविभागाला पत्र लिहिलं, सरांना त्याची प्रत पाठवली. लेकीच्या झोपेच्या वेळांत, चार दिवस लागले. सात वर्षांपूर्वीच्या फॉर्मातल्या त्या रकान्यात ‘होय’ हवं होतं, असं लिहिलं. कोणी, का, कसं, सगळं लिहिलं. ज्या माणसाला तुम्ही बाहेर ठेवलंय त्याला आत सोडा, असं लिहिलं. सही केली. सरांनी अजून फोन केलेला नाही. विभागाचंही उत्तर नाही.

काल दीपगृहाचा नंबर मिळवून मी फोन लावला. पहारेकऱ्यानेच उचलला.

“अब्राहम? तो म्हातारा? आहे की. रोज सकाळी कुंपणापर्यंत येतो, तासभर उभा राहतो, परत जातो. विचारतो, कागद आला का. कसला कागद, तेवढं सांगत नाही.”

“त्यांना सांगा,” मी म्हटलं, “कागद निघालाय.”

“कुठून?”

“पुण्याहून. शरयूने पाठवलाय म्हणावं.”

तो बरं म्हणाला. आतल्या खोलीत लेक जागी झाली होती, रडायला लागली होती. अकरावा ढीग गार होऊन किती दिवस झाले, हे मला विचारायचं होतं. मी विचारलं नाही.